कोरड्या हवेचे गाव

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी भाग)



'देवासचे नामवंत' या विषयावर बोलावे, अशी सूचना कार्यवाहांनी केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी संगीताचा जाणकार नाही, इतिहासाचा अभ्यासकही नाही. माझी उभी हयात येथील एका कारखान्यात, यंत्रांच्या संगतीत गेली. परंतु कार्यवाहांनी आग्रह सोडला नाही. ते म्हणाले, "जाणकार बोलतात ते आम्ही नेहमी ऐकतो. या गावात येऊन राहिलेल्या एका सामान्य वाचकाला हे गाव कसे दिसले, ते सांगा." या शब्दांनी मी निरुत्तर झालो. म्हणून आज जे सांगणार आहे ते एका सभासदाचे मनोगत आहे, एवढे आरंभीच नमूद करतो.

आपल्या गावचा परिचय परक्या माणसाला करून द्यायची वेळ आली की आपण सर्वजण ठरावीक नावे घेतो. उस्ताद रजबअली खाँ, पंडित कुमार गंधर्व, राजकवी भास्कर रामचंद्र तांबे, आणि थोडे इंग्रजी वाचलेले असले तर ई. एम. फॉर्स्टर. नावे घेताना आपली मान ताठ होते. मीही ती अनेकदा घेतली आहेत. परंतु या व्याख्यानाच्या तयारीसाठी टिपणे काढू लागलो तेव्हा एक गोष्ट प्रथमच माझ्या ध्यानात आली आणि तिने मला अस्वस्थ केले. या यादीतील एकाचाही जन्म देवासचा नाही. तांबे मुंगावलीचे, रजबअली खाँसाहेब नरसिंहगडचे, कुमारजी बेळगावजवळच्या सुळेभावीचे आणि फॉर्स्टर तर थेट इंग्लंडचा. मग ज्यांना आपण 'आमचे' म्हणतो, त्यांच्यावर आपला हक्क कोणता? आजच्या बोलण्याचा विषय नामवंतांची नामावळी हा नसून हा प्रश्न आहे, असे समजावे.

प्रथम गावाविषयी थोडेसे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बाजीराव पेशव्यांच्या काळात, तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी माळव्यात आपला अंमल बसवला. दोघा भावांच्या दोन शाखा झाल्या आणि एकाच गावात दोन राज्ये नांदू लागली. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार! एका रस्त्याच्या अलीकडे एकाचा हुकूम आणि पलीकडे दुसऱ्याचा. बाहेरच्यांना याचे हसू येई. परंतु गुणी माणसाला त्यात एक सोय होती. एका दरबारात दाद लागली नाही तर दुसऱ्याचे दार हाकेच्या अंतरावर होते. या दोन पात्यांच्या मधोमध टेकडी, आणि तिच्यावर देवीही दोन. तुळजाभवानी ही थोरली माता आणि चामुंडा ही धाकटी. १९४८ साली दोन्ही राज्ये मध्य भारतात विलीन झाली आणि पुढे पंचवीस-तीस वर्षांत या संस्थानी गावाचे औद्योगिक शहर झाले. पंपांचे, गिअरचे, चामड्याचे, औषधांचे कारखाने आले; १९७४ साली नोटा छापणारे मुद्रणालय सुरू झाले. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या तीन लाखांच्या जवळ पोचली होती. मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रवाशाला आज देवास म्हणजे धुराडी, गोदामे आणि मालमोटारींच्या रांगा एवढेच दिसते. त्या रांगांच्या मागे टेकडी आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी आपली गोष्ट आहे.

काळाच्या क्रमाने पाहिले तर पहिले नाव तांब्यांचे. १८७३ साली ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली येथे जन्मलेला हा मुलगा झाशीहून शिक्षणासाठी देवासला आला. येथेच त्याचे शालेय शिक्षण झाले आणि येथेच दरबारात राजकुमाराच्या शिक्षकाचे काम त्याला मिळाले. पुढे अनेक संस्थानांत नोकऱ्या करीत ते ग्वाल्हेरला स्थिरावले आणि तेथील राजकवी झाले. त्यांचे उमलते वय मात्र माळव्यात गेले. पुण्यामुंबईपासून दूर राहिलेल्या या कवीने मराठी भावगीताला गेयता दिली, याचे नवल महाराष्ट्रात पुष्कळांना वाटत आले आहे. आपल्याला ते वाटू नये. घरात मराठी, दारात माळवी, दरबारात हिंदी आणि उर्दू, कानावर ख्याल आणि ठुमरी, अशा गावात वाढलेल्या कवीच्या शब्दांना चाल आपोआप बिलगते. आपल्या मुलांच्या तोंडची मराठी शुद्ध नाही, म्हणून आपण उगाच खंत करतो. तांब्यांची मराठी याच मिश्र हवेत रुजली होती.

दुसरे नाव थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांचे, आणि त्यांच्या निमित्ताने फॉर्स्टरचे. राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब या तुकोजीरावांना दिल्या होत्या. त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. म्हणजे देवास आणि कोल्हापूर यांचे नाते दुपदरी आहे. तुकोजीरावांचे शिक्षक माल्कम डार्लिंग हे फॉर्स्टरचे मित्र. त्या ओळखीने फॉर्स्टर प्रथम १९१२ च्या अखेरीस येथे आला आणि १९२१ साली काही महिने महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून राहिला. त्या दिवसांची पत्रे त्याने १९५३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि पुस्तकाला नाव दिले आपल्या टेकडीचे, 'द हिल ऑफ देवी'.

त्या पुस्तकात एक बारीकशी नोंद आहे. नव्या राजवाड्यात पियानो होते, हार्मोनियम होते. सगळी वाद्ये नवीकोरी आणि सगळी निकामी. येथील कोरड्या हवेने लाकूड तडकले होते आणि पट्ट्या अडकून बसल्या होत्या. फॉर्स्टरने हे विनोदाने लिहिले आहे. माझ्यासारख्या यंत्रे सांभाळणाऱ्या माणसाला ते वाचून हळहळ वाटली. पण ही कोरडी हवा ध्यानात ठेवावी, अशी विनंती आहे. तिचे काम पुढे आहे.

त्याच वर्षीच्या गोकुळाष्टमीचे वर्णन फॉर्स्टरने विस्ताराने केले आहे. महाराज उत्सवासाठी जुन्या राजवाड्यात राहायला गेले, अनवाणी झाले, टाळ-मृदंगाच्या कल्लोळात कृष्णमूर्तीपुढे गाऊ-नाचू लागले. साहेबाला तो गोंगाट असह्य झाला, सजावटीतील भडकपणाही खटकला, आणि तरीही त्या भक्तीपुढे तो नमला. १९२४ साली आलेल्या 'ए पॅसेज टु इंडिया' या कादंबरीचा शेवटचा भाग या उत्सवातून उभा राहिला. त्या भागात एका दख्खनी ब्राह्मण प्राध्यापकाच्या, गोडबोल्यांच्या मुखी जो जप आहे तो आपल्या तुकोबांच्या नावाचा! इंग्रजीतील विसाव्या शतकाच्या एका श्रेष्ठ कादंबरीत तुकाराम पोचले ते देहू-आळंदीच्या वाटेने नव्हे, तर देवासच्या जुन्या राजवाड्यातून. हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असेल. तुकोजीरावांचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. राज्य कर्जात बुडाले, त्यांनी गाव सोडले आणि १९३७ साली पाँडिचेरीत त्यांचा अंत झाला. राजा म्हणून त्यांच्या नावापुढे काय लिहावे, हे इतिहासकारांनी ठरवावे. गाणाऱ्या माणसाला या गावात जागा असते, हा धडा मात्र त्या अष्टमीने घालून दिला.

आता खाँसाहेब. रजबअली खाँ यांचा जन्म १८७४ चा. वडिलांकडून गाणे मिळाले, बीनची साधना झाली, कोल्हापुरात काही काळ गेला आणि अखेर हे गाव त्यांचे घर ठरले. त्यांच्या द्रुत, वक्र, गुंतागुंतीच्या तानांचा लौकिक सबंध देशात होता. स्वभाव तापट; भर मैफलीत कोणाला काय ऐकवतील याचा नेम नसे. परंतु दुसऱ्याचे चांगले गाणे ऐकले की दाद देण्यात कंजुषी नसे, असे त्यांना पाहिलेली वृद्ध मंडळी सांगत. १९५४ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९५९ च्या जानेवारीत ते निवर्तले. त्यांच्याकडे शिकलेल्यांत गणपतराव देवासकर, कृष्णराव मुजुमदार, कोल्हापूरचे निवृत्तीबुवा सरनाईक ही नावे ठळक. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांनी आपली गायकी घडवताना ज्यांच्याकडून मनोमन घेतले, त्यांत रजबअली खाँसाहेब होते.

त्यांचे पुतणे अमानत खाँ मुंबईला गेले. 'देवासवाले' हे बिरुद त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. मुंबईत एक तरुण मराठी मुलगी काही काळ त्यांच्याकडे शिकली. तिचे नाव लता मंगेशकर. लताबाईंचा जन्म १९२९ साली आपल्या शेजारी इंदूरला झाला, हे सर्वांना माहीत असते. त्यांच्या गळ्यावर देवासच्या एका गवयाचा हात फिरला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. पुढे याच लताबाईंनी तांब्यांच्या कविता गायिल्या. देवासचा कवी आणि देवासच्या उस्तादाची शिष्या यांची गाठ पडली ती मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात. आपण मात्र दोघांनाही आपल्या गावच्या यादीत घालायला विसरतो.

आणि आता कुमारजी. त्यांच्याविषयी मराठीत इतके लिहिले गेले आहे की मी नव्याने काही सांगावे असे नाही. ८ एप्रिल १९२४ चा जन्म, शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे नाव, बालवयातच मिळालेली 'कुमार गंधर्व' ही पदवी, मुंबईला प्रोफेसर देवधरांकडे झालेले शिक्षण, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत देशभर गाजलेल्या मैफली. हा सर्व भाग आपण जाणता. मला बोलायचे आहे ते १९४८ सालाविषयी. त्या वर्षी चोवीस वर्षांचा एक तरुण क्षयाने जर्जर होऊन या गावात आला. डॉक्टरांनी गाणे बंद केले होते. त्याला हवी होती कोरडी हवा. ज्या हवेने राजाचे पियानो तडकले त्याच हवेने या तरुणाचे फुप्फुस राखले. एक कायमचे निकामी झाले, दुसरे वाचले.

केवळ हवेने माणूस जगत नाही. कुमारजींच्या पत्नी भानुमतीबाई स्वतः उत्तम गाणाऱ्या. त्यांनी येथे शिक्षिकेची नोकरी धरली, संसार ओढला आणि शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध तेव्हा नवे, दुर्मीळ आणि महाग होते. ते वेळेवर मिळाले आणि गुण आला. १९५३ च्या सुमारास कुमारजी पुन्हा मैफलीत बसले. नियतीचा खेळ असा की, ज्या बाईंनी मृत्यूला दारातून परतवले त्या स्वतः १९६१ साली बाळंतपणात गेल्या. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या त्या घराचे 'भानुकुल' हे नाव वाचताना नामवंतांच्या यादीत या नावालाही स्थान असावे, असे मला नेहमी वाटते. गाणाऱ्या स्त्रीने आपले गाणे बाजूला ठेवून दुसऱ्याचा श्वास जपला. अशा त्यागाला पुरस्कार नसतो, म्हणून स्मरण तरी असावे.

त्या सक्तीच्या मौनाच्या वर्षांत कुमारजींनी काय केले? ते ऐकत होते. पहाटे दळणाला बसलेल्या बाया, लग्नघरची गाणी, गणगौरीची गाणी, पितृपक्षात भिंतीवर शेणाने संजा रेखून मुली म्हणतात ती गाणी, दारी येणारे नाथपंथी जोगी. आपल्याकडील भोंडल्याची सख्खी बहीण शोभावी अशी ही संजा आपल्या मराठी घरांतल्या लेकीही खेळत आल्या आहेत. आपण ती गाणी रोज ऐकत होतो. फक्त त्यांत राग दडलेले आहेत हे आपल्याला दिसले नव्हते. चार-पाच स्वरांच्या त्या धुनांत कुमारजींना रागाचे बीज सापडले. शेकडो धुना त्यांनी टिपल्या, आणि त्यांतून मालवती, संजारी, लगनगंधार, मधसूरजा असे 'धुनउगम' राग उभे केले. १९६५ साली 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाले ते या ऐकण्याचे फळ. शीलनाथ महाराजांच्या धुनीवरचे निर्गुणी भजन त्यांनी मैफलीत आणले, तेव्हा कबीर नव्याने ऐकू आल्यासारखा लोकांना वाटला. 'गीतवर्षा', 'त्रिवेणी', 'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमांच्या मालिकेत त्यांनी 'तांबे गीतरजनी'ही बांधली. सत्तर वर्षांपूर्वी याच गावच्या शाळेत शिकलेल्या कवीला याच गावात सूर मिळाले. त्यांच्या गाण्यातील लहान लहान, उसळत्या स्वराकृतींचे कारण पुष्कळ जण आजारात शोधतात. मला ते अन्यायाचे वाटते. श्वास अपुरा पडला म्हणून वाक्य लहान झाले असेलही. पण लहान वाक्यात मोठा अर्थ भरण्याचे काम फुप्फुसाचे नव्हे, बुद्धीचे आहे.

पुढे वसुंधराताई या घरात आल्या. त्यांचा जन्म जमशेदपूरचा, म्हणजे त्याही एका कारखान्यांच्या गावच्या! शिष्या, सहधर्मिणी आणि सहगायिका या तीनही नात्यांनी त्यांनी कुमारजींना साथ दिली आणि त्यांच्यामागे तेवीस वर्षे ती परंपरा सांभाळली. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ साली त्या गेल्या. मुकुल शिवपुत्र, कलापिनी आणि भुवनेश यांच्या रूपाने ते गाणे पुढे चालले आहे. ही मंडळी मात्र निःसंशय देवासची. येथे यादीतला माझा आक्षेप संपतो, हे मी आनंदाने मान्य करतो.

आता थोडे स्वतःविषयी बोलण्याची परवानगी मागतो. ते टाळता आले असते तर मी टाळले असते.

१९७५ साली नोकरीनिमित्त मी सांगलीकडून येथे आलो. तेव्हा माझ्यासारखे अनेक मराठी तरुण या गावात येत होते. गावी पत्र लिहिताना मी अभिमानाने लिहीत असे, 'कुमार गंधर्व राहतात त्या गावात आहे.' वडिलांचे उत्तर येई, 'ऐकलेस का?' मी लिहीत असे, 'अजून योग आला नाही.' कधी पाळी आडवी येई, कधी मुलांचे आजारपण, आणि खरे सांगायचे तर बहुतेक वेळा केवळ आळस. माणूस गावातच तर आहे, केव्हाही ऐकू, ही भावना. इंदूरला, भोपाळला मैफल आहे असे वर्तमानपत्रात वाचून बाहेरगावचे लोक रेल्वेने धावत आणि मी घरापासून वीस मिनिटांच्या अंतरावर राहून ताणून देई. वडील १९८३ साली गेले. त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर तेच राहिले.

एकदाच, रात्रपाळी संपवून सायकलने परतत असताना, मी माताजीच्या रस्त्याने गेलो. थंडीचे दिवस होते. भानुकुलाच्या आतून तंबोरा जुळवल्याचा आवाज येत होता. मी एक पाय जमिनीवर टेकून उभा राहिलो. जोडीच्या तारा एकमेकींत मिसळत होत्या. आवाज भरत गेला आणि मग थांबला. आता कोणी गाणार, असे वाटले. पण डोळ्यांवर झोप होती आणि दूधवाला येण्याची वेळ झाली होती. मी निघून गेलो. १२ जानेवारी १९९२ रोजी दुपारी कारखान्यात बातमी आली तेव्हा मी यंत्रापाशी उभा होतो. सतरा वर्षे एका गावात राहून मी कुमार गंधर्वांचा फक्त तंबोरा ऐकला होता.

याचा दोष मी कोणावर टाकत नाही. कारखान्यावर तर नाहीच. माझ्याच पाळीत काम करणारे एक फिटर कुमारजींची भजने सांगू तेथून म्हणत. एक जण सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या मंडळांत जाऊन कबीर ऐकत. पुढे १९९०-९१ पासून 'एकलव्य' या संस्थेने येथे कबीर भजन आणि विचार मंच चालवला, तेव्हा खेड्यापाड्यांतील मंडळे महिन्यातून एकदा जमत, रात्र रात्र गात आणि गायिलेल्या शब्दांवर वाद घालीत. त्या मंचाशी निगडित असलेले प्रह्लादसिंह टिपानिया हे शाळामास्तर. कबीर गाता गाता ते देशभर पोचले आणि २०११ साली पद्मश्री झाले. याच गावात महाविद्यालयात शिकवता शिकवता नईमसाहेब हिंदीत नवगीते लिहीत होते आणि वाळक्या लाकडांतून शिल्पे कोरीत होते. ऐकणाऱ्याला आणि करणाऱ्याला या गावात कधी वेळ कमी पडला नाही. कमी पडली ती माझी इच्छा.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाकडे परत येतो. या थोर मंडळींवर आपला हक्क कोणता? जन्माचा नाही. आश्रयाचा म्हणावा, तर दरबार १९४८ सालीच संपले. माझ्या मते हक्क एकच, ऐकण्याचा. रजबअली खाँसाहेबांची तान समजणारे कान येथे होते, म्हणून ते येथे टिकले. आजारी कुमारजींना या गावाने उगाच छळले नाही, सत्कारांनी दमवले नाही, निवांत पडू दिले; आणि त्यांच्या खिडकीखालून आपली गाणी म्हणत बायका नित्याप्रमाणे जात राहिल्या. त्या बायकांना आपण कोणाला काही देत आहोत याची कल्पनाही नव्हती. गावाचे दान ते हेच. ज्याने ऐकले त्याचे ते झाले. ज्याने ऐकले नाही त्याला, तो टेकडीच्या पायथ्याशी राहत असला तरी, 'आमचे कुमारजी' म्हणण्याचा अधिकार नाही. हे मी स्वतःलाच सांगत आहे.

ग्रंथालयाचेही असेच आहे. आपल्या कपाटांतील बहुतेक ग्रंथ पुण्यामुंबईत छापले गेले, लिहिणारे दूरदूरचे. ते आपले झाले ते वाचणाऱ्यांमुळे. एकेका पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के पाहावेत. ते ग्रंथाच्या देवासवासी होण्याचे दाखले आहेत. गेल्या काही वर्षांत ते शिक्के विरळ होत चालले आहेत, हे आपणा सर्वांना दिसते आहे.

आणि गावाची हवाही बदलली आहे. १९९० च्या सुमारास असा उन्हाळा आला की देवासची तहान भागवण्यासाठी रेल्वेने पाणी आणावे लागले. स्टेशनवर हंडे घेऊन उभे राहिलेल्यांत मी होतो. ज्या कोरडेपणाने एकाला जीवदान दिले त्यानेच गावाचा घसा सुकवला, कारण जमिनीतले पाणी आम्ही आणि आमच्या यंत्रांनी उपसून संपवले होते. गाण्याचेही तसेच होऊ नये. विहिरीत झिरपा असतो तोवर उपशाला अर्थ असतो. दळणाची गाणी जात्याबरोबर गेली. संजा रेखायला शेणाची भिंत उरली नाही. उद्या एखादा आजारी, मौन पडलेला, गुणी तरुण आपल्या गावात राहायला आला, तर त्याच्या खिडकीखालून त्याला काय ऐकू येईल? या प्रश्नाने मला अलीकडे झोप लागत नाही.

केवळ खंत करून व्यासपीठ सोडणे बरे नव्हे, म्हणून एक लहानशी सूचना करतो. कुमारजींची जन्मशताब्दी २०२४ साली झाली. आपले ग्रंथालय त्यांच्याच वयाचे म्हणावे असे. शताब्दीनिमित्त वास्तूला रंग दिला जाईल, स्मरणिका निघेल. त्याबरोबर एक साधी, जाड पुठ्ठ्याची वही ग्रंथपालांच्या मेजावर ठेवावी. ज्या सभासदांनी खाँसाहेबांना पाहिले-ऐकले असेल, आणि असे आता दोघे-तिघेच उरले असतील, ज्यांनी कुमारजींच्या, वसुंधराताईंच्या मैफली ऐकल्या असतील, ज्यांना आई-आजीची संजाची वा लग्नाची गाणी आठवत असतील, त्यांनी त्या वहीत लिहून ठेवावे. कोठे, कोणत्या साली, शेजारी कोण बसले होते, काय वाटले. भाषा शुद्ध असण्याची गरज नाही. माळवी मिसळलेली चालेल, हिंदी चालेल. ज्यांचा हात कापतो त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी लिहावे. विद्वानांच्या ग्रंथांत जे येत नाही ते या वहीत येईल. पुढच्या शंभर वर्षांनंतर कोणी विचारले की ही माणसे तुमची कशी, तर पुरावा म्हणून ती वही पुढे करता येईल.

कार्यवाहांनी ही सूचना मान्य केली तर पहिली नोंद करण्याची परवानगी मला द्यावी. ती फार लहान आहे. हिवाळ्यातील एक पहाट, माताजीचा रस्ता, तंबोऱ्याची एक जोडी, आणि थांबायला हवे होते तेव्हा निघून गेलेला एक श्रोता.